माझ्या मागे व्हायोलिन कुणी वाजवायचे

लिहून ठेवतो मी, नानासो बिरू सरगर, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा मेंढरांची दलाली, हल्लीचा धंदा डाळिंब आणि व्हायोलिन, राहणार मेटकरवाडी, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली, ते असे की, आज रोजी माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी एकटाच म्हणत नाही. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे आणि तो सोबत जोडला आहे. माझी पत्नी भामाबाई हिचे मत वेगळे आहे, पण ते मी व्हायोलिन घरात आणले त्या दिवसापासून वेगळे आहे, त्यामुळे कोर्टाने ते धरू नये.

माझ्यावर कुणाचे दडपण नाही. दारू, तंबाखू वगैरेच्या अमलाखाली मी हे लिहीत नाही. सकाळचा चहा झालेला आहे, तेवढाच अंमल.

आमच्या वकील क्रांती लवटे यांनी बजावले होते की, "नाना, कुणाला काय द्यायचं एवढंच लिहा. का द्यायचं ते लिहू नका, कागद वाढतो." मी उभी हयात सौदे केले. कारण कळल्याशिवाय मी कुणाचा मेंढा कुणाच्या दावणीला बांधू दिला नाही. तेव्हा मी कारणांसह लिहिणार आणि हाताने लिहिणार. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. करायचे राहून गेले याला आळस कारण नाही. घर आणि जमीन घ्यायला माणसे आहेत, त्यांचे काही अडलेले नाही. माझ्या मागे व्हायोलिन कुणी वाजवायचे एवढेच मला ठरवता येत नव्हते.

कलम एक. मेटकरवाडीतील राहते घर, पुढच्या पडवीसह, भामाबाईचे. ते तसेही तिचेच आहे. मी त्यात भाडे न देता राहिलो. पडवीत ती वाळवण घालो, शेळी बांधो किंवा भाडेकरू ठेवो, मुलांनी मधे बोलू नये.

कलम दोन. टेंभू योजनेच्या कालव्याचे पाणी आल्यावर लावलेली डाळिंबाची बाग माझ्या स्वतःच्या कमाईची आहे. ती मुलगा विश्वजित आणि मुलगी राणी यांना निम्मी निम्मी. विश्वजित इस्लामपूरला साखर कारखान्यात इंजिनिअर आहे आणि त्याला बागेतले काही कळत नाही. राणी कोरेगावला बँकेत आहे आणि तिला सगळे कळते, असे तिचे म्हणणे आहे. दोघांनी बांध घालू नये. मधे बांध आला की भावाभावांत काय होते ते मी कलम सहामध्ये लिहिले आहे.

कलम तीन. लोकर कातरायची माझी कातर आणि वडिलांचे काळे घोंगडे विश्वजितला. घोंगडे धुलाईच्या मशीनमध्ये घालू नये. सुनबाई, हे तुम्हाला उद्देशून आहे.

कलम चार. सौद्याचा टॉवेल राणीला. तो साधा पंचा दिसतो म्हणून कुणी फरशी पुसायला घेऊ नये. आटपाडीच्या बाजारात आम्ही दलाल भाव तोंडाने बोलत नसू. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात टॉवेलखाली जायचा आणि बोटे बोलायची. कुठले बोट धरले, कुठल्या पेरावर दाबले, यावरून भाव कळायचा. भोवती पन्नास माणसे उभी असत, त्यांना भावाचा पत्ताही लागत नसे. एक पेर चुकले तर मेंढा फुकट गेला समजावे. हा टॉवेल राणीलाच का, तर भाजीवाल्याशी ती ज्या चिकाटीने बोलते ती माझ्याकडून आलेली आहे.

कलम पाच. व्हायोलिन. हे कलम लांबणार आहे. ज्यांना उठून पाणी प्यायचे असेल त्यांनी आत्ताच प्यावे.

साठी उलटल्यावर माझ्या डोळ्याचे ऑपरेशन मिरजेला झाले. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, म्हणजे मला दिवसाढवळ्या अंधारच. विश्वजितने सांगलीत गावभागात ओळखीच्या घरी मला ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवरून आवाज आला आणि मी पाटावरून उठलो. वर कुणीतरी म्हातारा सुंबरान म्हणतो आहे असे मला वाटले. सुंबरान म्हणजे आमच्या धनगरांची देवाला आठवायची ओवी, ढोलाच्या आधी म्हणतात ती. वरच्या आवाजाला शब्द नव्हते. पण एक सूर सुटून दुसरा लागत नव्हता, पहिला सरकत सरकत दुसऱ्यात जात होता. आमचे वडील बिरू तात्या असेच म्हणायचे. रानात मेंढरे बसली की खडकाला टेकून डोळे मिटायचे, आणि ओवीच्या शेवटी त्यांचा आवाज एका ठिकाणी असा उतरायचा की कुत्रीसुद्धा मान वर करायची. ते गेल्यावर ती ओवी मी आणि भाऊ हंबीरराव यांनी गावच्या भजनी मंडळाच्या पेटीवर काढायचा फार प्रयत्न केला. पेटीला पट्ट्या असतात. आमचा बाप नेमका दोन पट्ट्यांच्या मधे पडून राहायचा, सापडायचा नाही.

मी भिंत चाचपत माडी चढलो. वर गुणमाला मगदूम बाईंचा व्हायोलिनचा क्लास होता. बाई म्हणजे सांगलीच्या जैन घरातल्या, नवऱ्याच्या पश्चात एकटीने क्लास चालवणाऱ्या, बोलायला गोड आणि शिकवायला कडक. त्या म्हणाल्या, "काका, हा लहान मुलांचा क्लास आहे."

मी म्हणालो, "मग बरोबर हाय बाई. मलाबी धड चालता येत न्हाई आन् दिसत न्हाई."

बाई हसल्या तिथेच सौदा झाला.

पुढे दर रविवारी मी एसटीने आटपाडीहून सांगलीला जाऊ लागलो. व्हायोलिन शिकणे म्हणजे काय ते मुलांना कळावे म्हणून लिहितो. मांडी घालून बसायचे, वाद्याचे डोके उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचे, मागचा भाग छातीशी, आणि उजव्या हातातला गज तारेवरून ओढायचा. एवढेच. यात मला पहिला पावसाळा गेला. बाई नुसता सा ओढायला लावत. गज वाकडा गेला की वाद्य किंचाळते, दाबला की घोरते, सैल धरला की शिट्टी मारते. मी घरी रियाज सुरू केला त्या दिवशी भामाबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

"आवं, कुणाच्या नरड्यावर बसलायसा?"

मी म्हणालो, "सा लावतोय."

"त्याला सोडा आधी," ती म्हणाली, "मग लावा काय लावायचं ते."

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. आता केस म्हटले की माझ्या जातीच्या माणसाचा हात तेलाकडे जातोच. कातरीला तेल, वहाणेला तेल, कोरड्या पडलेल्या लोकरीलाही तेलाचा हात. मी गज करडईच्या तेलाने चांगला चोपडला, रात्रभर मुरू दिला आणि रविवारी बाईंसमोर ओढला. आवाजच नाही. पुन्हा ओढला, पुन्हा नाही. मला वाटले, ऐकायला कमी आले. बाईंनी गज हातात घेतला, वास घेतला आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले. तेव्हा कळले की गजाला राळ घासतात, कारण राळेने केस तारेला धरतात आणि तेलाने सोडून देतात. मिरजेच्या कारागिराकडून नवे केस भरून घ्यावे लागले. ही गोष्ट बाई प्रत्येक नव्या मुलाला सांगतात, माझ्या नावासकट. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग आली डाव्या हाताची पाळी. व्हायोलिनला पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, खुणा नाहीत. बोट कुठे टेकवायचे ते काळ्या लाकडावर कुठेच लिहिलेले नसते. लहान मुलांसाठी बाई तिथे कपाळाच्या टिकल्या चिकटवून देत. मलाही दिल्या. मी टिकलीकडे बघत बोट टेकवायचो आणि सूर दर वेळी बाजूला पडायचा. शेवटी वैतागून मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डाव्या हातावर टाकला. ठरवून नाही. बोटांचे काम निघाले की टॉवेल टाकायचा, ही सवय. पोरे खो खो हसायला लागली. "आजोबांच्या हाताला थंडी वाजते," असे एक म्हणाले. आणि तेवढ्यात गंधार लागला. स्वच्छ लागला.

बाईंनी पोरांना गप्प केले. "काका, टॉवेल काढू नका," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावा."

पुन्हा लागला. त्या टॉवेलखाली चाळीस वर्षे माझी बोटे न बघता पेर ओळखत होती, त्यांना टिकली कशाला दाखवायची? बाईंनी त्याच दिवशी माझ्या टिकल्या खरडून काढल्या. पुढे वर्षभराने टॉवेलही काढायला लावला. व्हायोलिन काही बाजारातला मेंढा नाही, चारचौघांत उघड्यावर वाजवायचे असते, असे त्यांचे म्हणणे पडले. बोटे बरी असली तरी गजाचा हात माझा आजही जड आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. भूप मला बरा येतो. बाकीचे राग माझ्या वाटेला जात नाहीत आणि मी त्यांच्या.

मी शिकलो ते वडिलांच्या ओवीसाठी. ती मला आता वाजवता येते, शेवटच्या त्या उतरणीपर्यंत. उतरणही येते. फक्त आवाज नेमका कुठे जाऊन थांबायचा, त्याबद्दल एका इसमाची हरकत आहे. तो इसम पुढच्या कलमात.

तर हे व्हायोलिन माझ्या मागे वाजते राहावे, एवढीच माझी इच्छा आहे. विश्वजितला विचारले. तो म्हणाला, "बंगल्याच्या हॉलमधी काचेच्या कपाटात लावू की. खाली तुमचा फोटू. लय भारी दिसंल." त्याने प्रेमानेच सांगितले, पण मला चार दिवस जेवण गोड लागले नाही. राणीला वेळ नाही. तिच्या मुलाला गिटार हवी आहे, आणि तीसुद्धा मोबाईलमधली. भामाबाईला विचारण्याचे धाडस मी केले नाही. सबब, सदर व्हायोलिन, गज, पेटी आणि राळेसह, गुणमाला मगदूम बाईंच्या क्लासला द्यावे, आणि त्यांनी ते ज्याला घेऊन द्यायची ऐपत नाही पण कान आहे अशा कुणाला वापरायला द्यावे.

कलम सहा. माझा धाकटा भाऊ हंबीरराव बिरू सरगर यास काही नाही. वाटण्या पूर्वीच झाल्या आहेत. त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे आणि ती त्याच्याकडून पातळ आहे. तो आमच्या गजी मंडळाचा, म्हणजे धनगरी नाचाच्या मंडळाचा, ढोल वाजवतो, अंगाने दांडगा, बोलायला तिखट. पाचगणीच्या एका निवृत्त संगीत मास्तरांकडे जुने व्हायोलिन विकायला आहे असे कळले तेव्हा त्याच्याच जीपने आम्ही गेलो होतो. मास्तरांनी उभे राहून, वाद्य हनुवटीखाली धरून वाजवून दाखवले. हंबीररावाने वाटीभर स्ट्रॉबेरी खात सगळे ऐकून घेतले आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, येवढ्या लांब लाकूड न्यायला आलाय व्हय? लाकूड आपल्याकडं न्हवतं?"

तेव्हापासून तो त्याला लाकूडच म्हणतो. मी सकाळी रियाजाला बसलो की भिंतीपलीकडून ढोलावर थाप पडते. मी थांबलो की तीही थांबते. नंतर तो चहाला आमच्याकडे येतो आणि आल्या आल्या बोलतो. "आज मधला सूर पडला हुता." किंवा, "आज घाई केलीस." आणि ओवी वाजवली असेल तर हमखास, "तात्यांचा आवाज तितं थांबत न्हवता. आनिक खाली जायचा. तुला कवा कळायचं रं!"

मी थोरला आहे. तात्यांच्या मांडीवर मी आधी बसलो. तो आवाज कुठे थांबायचा ते मला माहीत आहे. यावरून आमच्यात बोलणे बंद झाले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा बंद झाले. सध्या सुरू आहे. रोज सकाळी उठून माझ्या चुका मोजणारा हा माणूस माझ्या मागे तरी दुसरे काही काम शोधील, अशी आशा आहे. त्याला काही मिळणार नसल्याने त्यालाच या कागदावर साक्षीदार म्हणून घेतले आहे.

कलम सात. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला माइक लावतात आणि पुढारी भाषणे करतात. ज्यांनी मला जिवंतपणी ओळखले नाही ते माझे गुण सांगतात. माझ्या वेळी माइक लावू नये. बाईंच्या क्लासमधून कुणी येऊन तात्यांची ओवी व्हायोलिनवर वाजवावी आणि मंडळींनी घरी जावे. पुढारी आलेच तर त्यांना चहा द्यावा.

येथवरचा मजकूर मी आधीच लिहून ठेवला होता. यापुढचा आज, सह्यांच्या दिवशी, आमच्याच पडवीत बसून लिहीत आहे, कारण मधे भानगड झाली.

वकीलबाई आटपाडीहून आल्या. दुसरे साक्षीदार म्हणून शेजारचे जोतीराम गुंडा पुजारी आले. गुणमालाबाई सांगलीहून खास आल्या होत्या, कारण कलम पाचला त्यांची संमती हवी होती. वकीलबाईंनी सगळे मोठ्याने वाचले. तेलाच्या जागी बाई पुन्हा हसल्या. नरड्याच्या जागी भामाबाई आत निघून गेली, पण दाराआडच थांबली, बांगड्या वाजत होत्या. कलम सहा चालू असताना हंबीरराव जमिनीकडे बघत होता.

मग वकीलबाईंनी नियम सांगितला. साक्षीदाराची सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्यांनी पेन हंबीररावाच्या हातात दिले. त्याने टोपण काढले, कागद मांडीवर घेतला आणि तसाच बसून राहिला.

"काका, इथं करा," वकीलबाई म्हणाल्या.

"वकीलबाई, सही केल्यावर मला ह्यातलं काय बी मिळत न्हाई?"

"नाही, काका. तसंही तुम्हाला काही दिलेलं नाही नानांनी."

"लाकूड बी न्हाई?"

"काय?"

"त्ये वाजिवत्यात त्ये."

"नाही मिळणार. सही केली की नाही."

हंबीररावाने पेनाला टोपण घातले आणि पेन कागदावर आडवे ठेवले.

"मग म्या सही करत न्हाई."

मला वाटले, हा आजही भांडणार. मी म्हणालो, "हंबीर, तुला काय करायचंय रं त्याचं? ढोल वाजवणारा तू. तुझी बोटं बघ."

तो माझ्याकडे बघून बोलला नाही. भिंतीकडे बघून बोलला. "तू सांगलीला जायाचास तवा रविवारी भिंतीपल्याड सामसूम असायची. मला घरात बसवायचं न्हाई. तू गेल्याव रोजच रविवार. आन् सांगलीचं कोन पोरगं येऊन तात्यांची ओवी वाजीवनार? त्यानं तात्या ऐकल्यात व्हय? त्यो सूर कुठं थांबतो त्ये ह्या जगात दोघांनाच म्हाईत हाय, दादा. तू गेलास तर मी एकटाच ऱ्हातो. मग मी कुनाला सांगू, खाली जा म्हनून?"

इतकी वर्षे मी त्याची थाप माझ्यावर रागावलेली समजत होतो. माझा भाऊ भिंतीला पाठ लावून रोज तात्यांना ऐकत होता, हे मला एकाहत्तराव्या वर्षी, वकिलासमोर कळले. डोळ्यांतून पाणी आले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून जरा जास्त आले, असे मी सर्वांना सांगितले.

गुणमालाबाईंनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारले, "हंबीरराव, मांडी घालून बसता येतं का?"

"येतंय की."

"पहिले काही महिने नुसता सा ओढावा लागेल."

"वडीन."

"गजाला तेल लावायचं नाही."

"येवढा येडा मी न्हाई," हंबीरराव म्हणाला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितले.

"तू मरायची वाट बगत बसू काय?" तो म्हणाला. "रविवारी म्या बी येतो संगं."

सबब, पुढील बदल माझ्या हाताने आणि माझ्या राजीखुशीने करीत आहे. कलम पाचमधील देणगीचे शेवटचे वाक्य आणि कलम सहा, दोन्ही आडवी रेघ मारून रद्द. खालचे अक्षर वाचता येते ते असू द्यावे. व्हायोलिन, गज, पेटी आणि राळ माझा भाऊ हंबीरराव यास. विश्वजितने काचेच्या कपाटाचे सुताराला सांगितले असेल तर रद्द करावे. माझ्या हयातीत हंबीररावाने रोज सकाळी माझ्या पडवीत येऊन वाजवावे. त्याच्या चुका सांगायचा हक्क मी राखून ठेवतो आणि तो भरपूर वापरणार आहे. कलम सातमधील ओवी हंबीररावानेच वाजवावी. त्या दिवशी उतरणीला त्याने त्याच्या मनासारखे खाली जावे. मी हरकत घ्यायला असणार नाही.

आता व्हायोलिन क्लासला जात नसल्याने बाईंना यातून काहीही मिळत नाही, म्हणून हंबीररावाच्या जागी साक्षीदार म्हणून त्या बसल्या आहेत. वकीलबाई म्हणतात, हे कायद्याला धरून आहे. भामाबाई दाराआडून म्हणते, "म्हंजी आता दोन्ही बाजूनी किंचाळनार." तिचे हे म्हणणे मी मृत्युपत्रात दाखल करून घेतो, रद्द करीत नाही.

हा कागद मी वाचला, मला वाचून दाखवला, मला मान्य आहे. आम्ही सर्वांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

ठिकाण : मेटकरवाडी, ता. आटपाडी, जि. सांगली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

लिहून देणार : नानासो बिरू सरगर (सही)

साक्षीदार :
१. जोतीराम गुंडा पुजारी, मेटकरवाडी (सही)
२. गुणमाला मगदूम, गावभाग, सांगली (सही)

हंबीरराव बिरू सरगर, हजर होते. सही केली नाही.